प्रशिक्षण कोणाला, तास कोणाचा?

केंद्र सरकारने 5 सप्टेंबर 2023 रोजी शिक्षकदिनाचा मुहूर्त साधून एक संकल्प सोडला. उच्च शिक्षणातल्या पंधरा लाख अध्यापकांना नव्याने तयार करायचे. त्यासाठी देशभर 111 मालवीय मिशन केंद्रे, ठरवून दिलेले आठ विषय आणि त्या आठांत माहिती-संप्रेषण तंत्रज्ञान हा एक. नाव पंडित मदनमोहन मालवीयांचे, पैसा केंद्राचा, कारभार विद्यापीठ अनुदान आयोगाचा. इथपर्यंत तक्रारीला जागा नाही. तक्रार सुरू होते ती नागपूर सोडून हावड्याच्या दिशेने ऐंशी-एक किलोमीटर आल्यावर, देव्हाडीच्या तुमसर रोड स्थानकावर उतरल्यावर.

तुमसर हे धानाच्या बाजाराचे आणि राइस मिलांचे गाव. तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजरुकच्या मँगनीज खाणी, तिरोडीकडे जाणारा रेल्वेफाटा, आणि त्या फाट्यावरच्या, जंगलकाठच्या, नदीकाठच्या गावांतून शिकायला येणारी पोरे. गोबरवाहीची, नाकाडोंगरीची, सिहोऱ्याची. घरातून कॉलेजात जाणारे आपणच पहिले, असे सांगणारी त्यांत कमी नाहीत. या मुलांपुढे खडू घेऊन उभा राहणारा माणूस पंधरा लाखांच्या हिशेबात नेमका कुठे बसतो, हे कोणी तरी विचारायला हवे.

पुष्कळदा तो तासिका तत्त्वावरचा असतो. सीएचबीवाला. महाराष्ट्रात अनुदानित महाविद्यालयांतली प्राध्यापकभरती इतकी वर्षे रखडत, अडखळत चालली आहे की ‘रिक्त पद’ हीच आता एक कायम नेमणूक झाली आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये सहायक प्राध्यापकांची 2,088 पदे भरायला परवानगी मिळाली, ती अख्ख्या राज्यासाठी. उरलेल्या जागांवर तास वाटून दिले जातात. घेतला तास, मिळाले पैसे. कॉलेजला सुट्टी, त्याच्या खिशालाही सुट्टी. नेट-सेट, कुणाची पीएचडीसुद्धा, आणि महिन्याचा हिशेब मात्र भरलेल्या तासांच्या वहीवर.

आता या माणसाला शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणाला पाठवून बघा. नियमाने त्याला दार बंद नाही. काही काळ शिकवलेल्या हंगामी अध्यापकालाही उजळणी वर्गाला बसता येते, असे आयोगाच्या कागदांत आहे. पण तो दोन आठवडे प्रशिक्षणात बसला, तर दोन आठवड्यांचे तास बुडाले आणि तासांबरोबर पैसेही. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या कायम प्राध्यापकाला कर्तव्यरजा असते, पगार चालू असतो आणि प्रमाणपत्र पदोन्नतीला लागते. तेच प्रमाणपत्र सीएचबीवाल्याने घरी नेले तर त्याचे करायचे काय? त्याला पदच नाही, मग उन्नती कशाची? शिकण्याची हौस स्वतःच्या खर्चाने भागवावी, एवढीच त्याला मुभा आहे. म्हणजे सरकारी पैसा वर्गातल्या माणसापर्यंत जाताना मधल्या मध्ये मुरतो. कोणी खाल्ला म्हणून नव्हे. त्याची वाटच तशी आखली आहे.

वाट कशी आखली गेली, हे बघायला थोडे मागे जावे लागेल. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानंतर विद्यापीठांत अकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली. नागपूर विद्यापीठातही निघाले. कल्पना चांगली होती. तोवर शाळामास्तराला डीएड-बीएड लागायचे, पण एमए झालेला माणूस दुसऱ्या दिवशी प्राध्यापक म्हणून वर्गात जायचा. शिकवायचे कसे, हे त्याला कोणी सांगितलेले नसे. स्टाफ कॉलेजात तीन-चार आठवडे नवखे अध्यापक एकत्र राहत. गडचिरोलीचा इतिहासवाला आणि भंडाऱ्याचा अर्थशास्त्रवाला वसतिगृहाच्या व्हरांड्यात वाद घालत. व्याख्यानांपेक्षा या वादांतून अधिक शिकलो, असे सांगणारे निवृत्त प्राध्यापक आजही भेटतात. पुढे 2015 मध्ये या संस्थांचे नाव मानव संसाधन विकास केंद्र झाले, 2023 मध्ये मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्र. पाटी रंगवणाऱ्याला काम मिळाले.

बदल खरा झाला तो पाटीच्या आत. प्रशिक्षण बढतीला बांधले गेले. आयोगाच्या जुलै 2018 च्या नियमावलीत पहिल्या बढतीसाठी 21 दिवसांचा ओरिएंटेशन आहे. त्याशिवाय उजळणी वर्ग, किमान आठवड्याभराचा तंत्रज्ञानाचा किंवा अध्यापनविकासाचा कार्यक्रम, नाही तर एखाद्या ‘मूक’ (एमओओसी, म्हणजे सर्वांना खुल्या ऑनलाइन) अभ्यासक्रमाचे ई-प्रमाणपत्र, यांपैकी काही तरी एक दाखवावे लागते. शिवाय चार भागांतला संपूर्ण मूक अभ्यासक्रम स्वतः तयार केला तर 20 गुण. यात वाईट काय? कागदावर काहीच नाही. पण बढतीच्या फाइलीत जे लागते ते माणूस गोळा करतो, आणि फाइलीत लागते ते प्रमाणपत्र. ‘प्लेसमेंट (म्हणजे बढती) अडली आहे, एक एफडीपी (अध्यापक विकास कार्यक्रम) कमी पडते’ हे वाक्य स्टाफरूममध्ये जितक्यांदा ऐकू येते, तितक्यांदा ‘मला वर्गात अमुक जमत नाही, ते शिकायचे आहे’ हे ऐकू येत नाही. प्राध्यापक आळशी आहेत असे यातून कोणी काढू नये. परीक्षेला जे येते तेच विद्यार्थी वाचतो. प्राध्यापकही एके काळी विद्यार्थीच होता.

महाविद्यालयाचेही तेच. महाविद्यालयांना दर्जा देणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात किती अध्यापकांनी प्रशिक्षण घेतले, याचे प्रमाण विचारतात आणि पुराव्यादाखल प्रमाणपत्रे अपलोड करायला लावतात. त्या प्रशिक्षणानंतर बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात काय बदलले, असा रकाना नाही. रकाना नाही म्हणून आयक्यूएसीचा, म्हणजे महाविद्यालयाच्या गुणवत्ता कक्षाचा, समन्वयकही ते विचारत नाही. त्याला तर तेवढा वेळही नसतो, कारण तो बहुधा दोन समित्यांचा सचिव आणि एखाद्या विभागातला एकुलता एक कायम प्राध्यापक असतो.

या सगळ्याचा कळस 2020 च्या टाळेबंदीत पाहायला मिळाला. गूगल फॉर्मवर वीस प्रश्न, चाळीस टक्के गुण मिळाले की मेलवर रंगीत प्रमाणपत्र. कोरोना जनजागृतीपासून ग्रंथालयशास्त्रापर्यंत विषय कुठलाही चालायचा. त्या वर्षी व्हॉट्सॲपच्या गटांवर अशा चाचण्यांच्या लिंकांचा पूर आला आणि दिवसाला दोन-दोन प्रमाणपत्रे मिळवणारे महाभाग निघाले. तिकडे त्याच महिन्यांत तुमसर तालुक्यातल्या लेंडेझरीच्या बाजूची पोरे रेंज मिळावी म्हणून घराबाहेर उंचवटा शोधत होती. शिकवणारे आणि शिकणारे दोघेही ‘ऑनलाइन’ होते, फक्त एकमेकांशी नव्हते. ऑक्टोबरात नागपूर विद्यापीठाने अंतिम वर्षाची परीक्षा मोबाइल ॲपवर घेतली, आणि बहुपर्यायी प्रश्न नीट काढायचे कसे, हे आधी अध्यापकांना शिकवायला हवे होते, ही गोष्ट पेपर हातात पडल्यावर पुष्कळांच्या ध्यानात आली. चार पर्यायांपैकी दोन बरोबर आणि एक हास्यास्पद, असा प्रश्न काढायला प्रशिक्षण लागत नाही. चांगला प्रश्न काढायला लागते.

पैशाचे म्हणाल तर तो अगदीच आला नाही असे नाही. 2009 मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञानाद्वारे शिक्षणाचे राष्ट्रीय अभियान काढले आणि कॉलेजांना ब्रॉडबँडची जोडणी देताना बराचसा भार स्वतः उचलला. बाराव्या पंचवार्षिक योजनेपर्यंत आयोगाकडून छोट्या कॉलेजांना विकास अनुदान मिळे. ते मार्च 2017 मध्ये योजनेबरोबर संपले. 2013 पासून रूसा, म्हणजे राष्ट्रीय उच्चतर शिक्षा अभियान, आले. त्यात महाविद्यालयाच्या पायाभूत सुविधांसाठी दोन कोटी रुपये, आणि त्याची वाटणी ठरलेली: 35 टक्के नवे बांधकाम, 35 टक्के जुन्याची दुरुस्ती, 30 टक्के साधनसामग्री. या तीन आकड्यांची बेरीज करून पाहा, शंभर होते. माणसाला यात जागा उरत नाही. अध्यापक सुधारणेचा वेगळा घटक योजनेत होता हे खरे, पण तो वेगळा होता; ज्या खोलीत स्मार्ट बोर्ड बसला त्या खोलीतल्या शिक्षकाशी त्याची गाठ पडेलच असे नाही. रूसाची जागा 2023 मध्ये पीएम-उषाने घेतली. तीन वर्षांसाठी 12,926.10 कोटी, निवडलेल्या महाविद्यालयाला पाच कोटी. खांब मोठा झाला, पण दिव्याखालचा अंधार कितीसा हटला?

साधन आधी आणि माणूस मागाहून, ही आपली जुनी खोड आहे. 15 ऑगस्ट 1984 रोजी दूरदर्शनवर आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ सुरू झाला. पुणे विद्यापीठात त्यासाठी कार्यक्रम तयार करणारे केंद्र निघाले आणि तिथे उत्तम फिल्मा झाल्या. कॉलेजांत टीव्हीही आले. त्या फिल्मा तासाला कशा जोडायच्या, आधी काय सांगायचे, नंतर काय विचारायचे, हे खेड्यातल्या प्राध्यापकाला सांगायला कोणी गेले नाही. सप्टेंबर 2004 मध्ये खास शिक्षणासाठी एज्युसॅट उपग्रह अवकाशात गेला. त्या काळचा टीव्ही असो, नवाकोरा इंटरॅक्टिव्ह पॅनेल असो, किल्ली कपाटात आणि कपाटाची किल्ली बाबूकडे, ही व्यवस्था मात्र तशीच राहिली.

उलटे उदाहरण याच महाराष्ट्रात आहे, म्हणून तर जास्त राग येतो. पवईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांनी त्याच राष्ट्रीय अभियानाच्या पैशातून हजार-हजार अध्यापकांना एका वेळी शिकवण्याचा घाट घातला. पुढे त्याची ‘दहा हजार शिक्षक’ योजना झाली. पद्धत साधी होती. देशभरातली कॉलेजे दूरस्थ केंद्रे म्हणून निवडायची. प्रत्येक केंद्राच्या समन्वयकाला आधी पवईला बोलावून पक्के तयार करायचे. मग मुख्य कार्यशाळेत व्याख्यान पवईहून थेट दिसणार, पण हाताने करायचे काम त्या-त्या केंद्रावर, समन्वयकाच्या देखरेखीखाली, पाच-पन्नास जणांच्या गटात. प्रश्न विचारायचा तर केंद्रावरून पवईला विचारायचा. म्हणजे पडदा दूरचा, हात धरणारा जवळचा. त्याच आयआयटीत 2010 च्या सुमारास शैक्षणिक तंत्रज्ञान या विषयाचा स्वतंत्र आंतरविद्याशाखीय कार्यक्रम उभा राहिला, तिथे या विषयात पीएचडी करता येते. प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्यूटोरियल’मध्ये संगणकाच्या मुक्त प्रणालींचे धडे मराठीतही आहेत. दहा-दहा मिनिटांचे, थांबवून करून पाहता येतील असे. हे सगळे सरकारच्याच पैशातून झाले. त्याचा सगळ्यात मोठा वाटा मात्र अभियांत्रिकीच्या अध्यापकांना मिळाला. कला-वाणिज्यवाले, त्यातही तालुक्याच्या गावचे, पुन्हा रांगेच्या शेवटी.

प्रशिक्षणानंतर कोणी तरी वर्गात येऊन बसले नाही, चुकले तिथे सांगितले नाही, तर शिकलेले वर्गापर्यंत फारसे पोचत नाही, हे अमेरिकेत ब्रूस जॉयस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी 1980 च्या दशकातच दाखवले. 2006 मध्ये मिशिगनच्या पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात आणखी एक गोष्ट पक्की केली. नुसते यंत्र चालवणे शिकून उपयोग नाही. हा विषय, ही मुले आणि हे यंत्र, या तिन्हींचा मेळ घालणे हे स्वतंत्र ज्ञान आहे आणि ते वेगळे शिकावे लागते. आपल्याकडचा नेहमीचा कार्यक्रम कसा असतो? पहिल्या दिवशी धोरणाची ओळख, दुसऱ्या दिवशी गूगल क्लासरूम, तिसऱ्या दिवशी कृत्रिम बुद्धिमत्ता, चौथ्या दिवशी ताणतणाव व्यवस्थापन. मराठीचा प्राध्यापक, भूगोलाची प्राध्यापिका आणि प्राणिशास्त्राचा सहायक, तिघांनाही एकच सरबत. कॅमेरा बंद, आवाज बंद, दुपारच्या सत्रात हजेरीची लिंक आली की सगळे जागे.

तुमसरात याहून वेगळे काय करता येईल, यासाठी कल्पना लढवायची गरज नाही, डोंगरी बुजरुकपर्यंत गेले तरी पुरे. तिथल्या उघड्या खाणीतून निघणारे मँगनीज डायऑक्साइड कोरड्या विद्युतघटाच्या कारखान्यांना जाते. मॉइल या सरकारी खाणकंपनीचा विद्युतविच्छेदनाने मँगनीज डायऑक्साइड बनवण्याचा प्रकल्पही तिथेच आहे. बीएससीच्या पोराला विद्युतघट शिकवताना पुस्तकात मँगनीज डायऑक्साइडची भूमिका दोन ओळींत येते, आणि तो दगड त्याच्या मामाच्या गावाशेजारी निघतो हे त्याला कोणी सांगत नाही. रसायनशास्त्राच्या अध्यापकाने साध्या मोबाइलवर दहा मिनिटांची मराठी चित्रफीत केली, खाण दाखवली, सेल फोडून काळी भुकटी दाखवली, समीकरण फळ्यावर मांडले आणि शेवटी तीन प्रश्न विचारले, तर ते शैक्षणिक तंत्रज्ञान झाले. त्यासाठी त्याला शिकावे लागेल ते कॅमेऱ्याची बटणे नव्हे. दहा मिनिटांत काय ठेवायचे, काय गाळायचे, पोरगा कुठे अडखळेल, हे शिकावे लागेल. वाणिज्याचेही तसेच. पणन मंडळाच्या संकेतस्थळावर बाजारसमित्यांची आवक आणि दर रोज येतात. तुमसरच्या धानाचे हंगामभराचे आकडे तक्त्यात उतरवून सरासरी, चढउतार, हमीभावाशी तुलना, हे बीकॉमच्या मुलाला शिकवले तर संख्याशास्त्र त्याच्या बापालाही कळेल. बाप याच धानासाठी ऑनलाइन नोंदणी करून, सातबारा घेऊन खरेदी केंद्रावर खेटे घालतो. अशी सामग्री दिल्लीत तयार होणार नाही, पुण्यातही नाही. ती इथलाच माणूस करील, आणि तो करील तर त्याला ते करायला शिकवावे लागेल, वेळ द्यावा लागेल, वेळेचे पैसे द्यावे लागतील.

आणि ‘कर्मचारी’ म्हटले की आपण फक्त प्राध्यापक मोजतो. प्रयोगशाळा परिचर, ग्रंथालय सहायक, परीक्षेची पोर्टले रात्री उशिरापर्यंत भरत बसणारा लिपिक, यांच्याशिवाय कुठलेही तंत्रज्ञान एक दिवस चालत नाही. प्रोजेक्टर बंद पडला तर परिचरालाच हाक मारतात. नव्या धोरणाची क्रेडिटे, शैक्षणिक क्रेडिट बँकेची खाती, हे सारे याच मंडळींच्या बोटांखालून जाते. त्यांची पदेही रिकामी आणि त्यांना कोणी एफडीपीला बोलावतही नाही. त्यांच्या प्रशिक्षणाने कोणाची प्लेसमेंट होत नाही, एवढेच त्याचे कारण.

मग करायचे काय? नवी योजना नको, योजनांची कमतरता नाही. राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाने अध्यापक विकासासाठी पुण्यात स्वतंत्र अकादमी उभी केली आहे, नागपुरात मालवीय मिशनचे केंद्र आहे, पवईची पद्धत कागदावर तयार आहे. या तिघांना जोडायला एक शासन निर्णय पुरे. त्यात पहिले वाक्य असे हवे की, तासिका तत्त्वावरचा अध्यापक मान्य प्रशिक्षणात बसला तर ते तास त्याने घेतलेले धरले जातील. याचा खर्च स्मार्ट बोर्डांच्या खरेदीपुढे काहीच नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत प्रशिक्षण ठेवा म्हणजे तास बुडणारच नाहीत, असा शहाणपणा कोणी सुचवील. उन्हाळ्यात त्याची नेमणूकच संपलेली असते, हे त्या शहाण्याने लक्षात घ्यावे. दुसरे असे की, केंद्र तालुक्याला यावे. तुमसरच्या मोर महाविद्यालयात कला, वाणिज्य, विज्ञान या तिन्ही शाखा आहेत. पवईच्या धर्तीवर तिथे दूरस्थ केंद्र चालवले तर तुमसर-मोहाडीच्या अध्यापकांना नागपूरच्या फेऱ्या घालाव्या लागणार नाहीत. आणि प्रमाणपत्र शेवटच्या दिवशी हातात देऊच नये. सहा महिन्यांनी, अध्यापकाने स्वतः केलेला एक पाठ, तो मुलांपुढे वापरल्यावर काय झाले याची दोन पानी नोंद आणि समन्वयकाने वर्गात बसून लिहिलेला शेरा, एवढे आल्यावर द्यावे. काहींची प्लेसमेंट थोडी लांबेल. लांबू द्या.

नागपूरच्या केंद्राने पुढच्या वर्षाच्या वेळापत्रकात एक तुकडी तुमसरला ठेवावी. रोवणीच्या आणि कापणीच्या दिवसांत नको, तेव्हा पोरेच वर्गात नसतात. तुकडीच्या यादीत निम्मी नावे तासिकावाल्यांची असावीत, चार-पाच परिचर आणि लिपिकांची असावीत, आणि नावांपुढे कोणाला किती तासांचे पैसे दिले तो रकानाही असावा.